पिवळ्या रंगाचं खापर यूएक्सवाल्यांच्या माथी कशाला?

तिरपी_रेघ
'रात्रपाळी' यांनी काल कन्सोलच्या धाग्यावर लिहिलं: "यूएक्सवाले शिरले आणि गेमचा सरकारी फॉर्म झाला. जिकडेतिकडे बाण आणि पिवळा रंग. एल्डन रिंगसारख्या अवघड गेमला असल्या लोकांची गरज पडली नाही." तिथेच उत्तर देणार होते, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा. मी हेच यूएक्सचं काम करते, म्हणजे खेळणाऱ्याला गेम सहज कळावा-वापरता यावा अशी मांडणी करायची, त्यामुळे राग आलाय हे आधीच सांगते.

रेझिडेंट ईव्हिल ४ च्या २०२३ च्या रीमेकमध्ये शिड्यांवर, फोडायच्या पेट्यांवर पिवळा रंग आहे, मान्य. का आहे? पूर्वी खोलीत चार वस्तू असायच्या आणि त्यातली कामाची ओळखू यायची. आता खोलीत ढीगभर सामान, सगळं खऱ्यासारखं, आणि फुटणारी पेटी एखादीच. चाचणीला बसवलेली माणसं अडकतात, डेडलाइन डोक्यावर असते, मग कुणीतरी ब्रश उचलतो. लेव्हल बांधतानाच प्रकाश कुठे पडतो, नजर कुठे जाते हे बघितलं असतं तर रंग लागला नसता. म्हणजे आम्हाला फार आत घेतलं हा दोष नाही, फार उशिरा बोलावलं हा आहे.

आणि एल्डन रिंगमध्ये ग्रेसपाशी, म्हणजे विसाव्याच्या जागी, बसल्यावर पुढची दिशा दाखवणारी सोनेरी रेघ निघते, ती काय आपोआप उगवली? अवघड काय असावं, मार्गिटसारख्या बॉसशी लढाई की मेनू, एवढाच माझा प्रश्न.

रात्रपाळी
नाव घेऊन धागा काढलात, धन्य झालो.

एल्डन रिंग आला तेव्हा दुसऱ्या मोठ्या स्टुडिओंतल्या यूएक्सवाल्यांनीच ट्विटरवर नाकं मुरडली होती, ते सोयीस्कर विसरलात. तीन आठवड्यांच्या आत १ कोटी २० लाख प्रती खपल्या. लोकांना मेनू कळला नाही म्हणून कुणी पैसे परत मागायला धावलं नाही.

मी तो गेम वही घेऊन खेळलो. कोण कुठे भेटला, काय पुटपुटला, सगळं लिहून. २०२२ च्या मार्चमधल्या पॅचमध्ये, म्हणजे अपडेटमध्ये, ती माणसं नकाशावर दिसायला लागली आणि वही कपाटात गेली. तुम्ही याला सुधारणा म्हणणार.

तिरपी_रेघ
म्हणणारच. तुम्ही रात्रभर जागू शकता. ज्याला दोन आठवड्यांनी एक संध्याकाळ मिळते, त्याने कुठे काय सोडलं होतं ते आठवायचं कसं? आणि तो पॅच गेम बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअरनेच आणला, मी नाही.

लाल_की_हिरवा
मला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेममध्ये शत्रूची कड पिवळी करून घेता येते हे समजेपर्यंत मित्र मला 'आंधळी कोशिंबीर' म्हणायचे. त्यामुळे पिवळ्याबद्दल जपून बोला.

रात्रपाळी
ती सेटिंग तुम्ही स्वतः चालू केलीत. मी माझ्या शिडीला रंग द्या म्हणून अर्ज केला नव्हता.

खवट_खारे_दाणे
कौतुक चाललंय म्हणून एक काडी टाकतो. अवांतर वाटलं तर वाटो.

डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाइटवाल्या एपिकने अमेरिकेत ५२ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. त्यातले साडेचोवीस कोटी ग्राहकांना परत करायचे होते, कारण बटणांची मांडणीच अशी की स्लीपमध्ये गेलेला गेम जागा करताना, नाहीतर लोडिंग चालू असतानाही खरेदी होऊन जायची. हे कुणी मांडलं? वॉचमनने?

माझ्या भाच्याने एका मोबाइल गेममध्ये ताईच्या कार्डावरून साडेसात हजार उडवले. 'नको' करड्या रंगात, कोपऱ्यात, मुंगीएवढं. 'घ्या' हिरवंगार, लुकलुकणारं.

सौ_स्पष्टवक्ती
आणि ओटीपी कुणी दिला?

खवट_खारे_दाणे
ओटीपी त्याच फोनवर येतो हो. ताई नर्स आहे, रात्रीची ड्यूटी करून झोपली होती. तिने काय उशाशी लाठी घेऊन झोपायचं?

सौ_स्पष्टवक्ती
फोन हातात द्यायचा, कार्ड जोडून ठेवायचं आणि मग बटणाच्या रंगावर खापर फोडायचं. आमच्याकडेही दोन कार्टी आहेत. एक रुपया गेलेला नाही.

खवट_खारे_दाणे
तुमच्या घराला आयएसओ मिळालंय हे माहीत नव्हतं. ताईवर परत जाऊ नका.

लाल_की_हिरवा
धागा कुठे चालला होता, कुठे पोचला.

तिरपी_रेघ
@खवट, याला डार्क पॅटर्न म्हणतात. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, १३ प्रकार नाव घेऊन दिलेत. आणि हो, ती बटणं माझ्याच धंद्यातली माणसं काढतात. पण 'नको' किती बारीक करायचं हे मीटिंगमध्ये महसूलवाले ठरवतात.

खवट_खारे_दाणे
"वरून ऑर्डर होती." लाठीमारानंतरही हेच ऐकतो आम्ही.

तिरपी_रेघ
लागलं. पुढे बोलत नाही यावर.

@रात्रपाळी, शॅडो ऑफ द टूम रेडर या गेममध्ये २०१८ लाच शोधाशोधीची काठिण्यपातळी लढाईपासून वेगळी ठेवता येत होती. कठीण निवडलं की कुठे चढायचं ते दाखवणारे कड्यांवरचे पांढरे पट्टे गायब. तुम्हाला हवं तेच. आणि ते यूएक्सचंच काम आहे.

रात्रपाळी
हे चालेल. म्हणजे तुमच्यातल्या कुणाला तरी कधीतरी सुचलं, २१ तोफांची सलामी. मग बाकीचे का देत नाहीत?

तिरपी_रेघ
पट्टे काढल्यावरही वाट सापडते का, हे वेगळं तपासावं लागतं. म्हणजे लेव्हल जणू दोनदा बांधायची. बजेटमध्ये पहिली कात्री तिथेच लागते.

रात्रपाळी
म्हणजे आळस नाही, कंजूसपणा. बरं. निम्मे शब्द मागे घेतो, 'सरकारी फॉर्म' सोडून.

सौ_स्पष्टवक्ती
@खवट, फोनमध्ये दर खरेदीआधी पासवर्ड मागायची सोय असते. ताईंना चालू करून द्या.

खवट_खारे_दाणे
कुठे असते? मी दोन दिवस शोधतोय.

सौ_स्पष्टवक्ती
मलाही पटकन सापडली नव्हती, मुलाने दाखवली. स्क्रीनशॉट व्यनि (खासगी निरोप) करते. मुद्दा तरीही तोच आहे, ओटीपीचा.