मदत हवी आहे: साल्झबुर्ग शहर आणि राज्य, आईबाबांसोबत चार दिवस

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सांगलीहून आईबाबा येतायत, त्यांना म्युनिकहून रेल्वेने ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला न्यायचंय. आईचे गुडघे दुखतात, बाबांना मात्र किल्ला दिसला की पाय शिवशिवतात!

शहराचं बऱ्यापैकी ठरलंय. १०७७ मध्ये बांधायला घेतलेला होहेनसाल्झबुर्ग किल्ला (वर जायला दोरखंडावर ओढली जाणारी छोटी रेल्वे आहे, म्हणजे आईचा प्रश्न मिटला), गेट्राइडेगास्सं गल्लीतलं मोझार्टचं पिवळं जन्मघर आणि संध्याकाळी साल्झाख नदीकाठी निवांत फेरी.

घोळ राज्याचा आहे. राजधानी, म्हणजे हेच शहर, उत्तरेकडे, जर्मनीतल्या बव्हेरियाला चिकटून. आणि मोठे डोंगर सगळे दक्षिणेला. ग्रोसग्लॉकनरचा घाटरस्ता ४८ किमीचा, ३६ वळणांचा. आईला आंबेनळी घाटातच उलटी होते, तिला हा झेपेल का? वेर्फेनची बर्फगुहा मी आधीच काटली, आत सातशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या असतात. मग क्रिमलचा ३८० मीटरचा धबधबा खालूनच बघून समाधान होतं का? जो तो हालश्टाट सुचवतोय, पण ते शेजारच्या अप्पर ऑस्ट्रियात येतं, शिवाय गर्दी नकोय.

शहरात दोन रात्री आणि त्सेल आम झे या तळ्याकाठच्या गावात एक, असं जमेल का? गाडी भाड्याने घ्यावी की रेल्वे-बस पुरे? आणि जैन नाही, पण साधं शाकाहारी जेवण कुठे मिळेल तेही सांगा. बाबांना तिसऱ्या दिवशी वरणभात लागतोच.