लशीचा दुर्मिळ दुष्परिणाम की विषाणूनंतरचं लांबलेलं आजारपण: किशोरवयीन मुलांच्या पालकांनी तोलायचं कसं?

रानजाई:
एमआरएनए प्रकारच्या कोविड लशीनंतर काही मुलग्यांच्या हृदयाच्या स्नायूला सूज येते, म्हणजे मायोकार्डायटिस होतो, हे आता कुणी नाकारत नाही. अमेरिकेतल्या नोंदींनुसार फायझरच्या दुसऱ्या डोसनंतर १६-१७ वर्षांच्या मुलग्यांत दहा लाख डोसांमागे साधारण १०६ जणांना हा त्रास झाला. बहुतेकांना आठवड्याच्या आतच. बहुतेक जण थोडे दिवस रुग्णालयात राहून बरेही झाले.

आपण पालक हा आकडा डोळे फाडून बघतो आणि दुसऱ्या पारड्यात काहीच ठेवत नाही. तिथे विषाणू बसलेला असतो. त्यानेही हृदयाला सूज येते, क्वचित एमआयएस-सी होतो (संसर्गानंतर काही आठवड्यांनी मुलांच्या अनेक अवयवांना एकदम येणारी सूज), आणि काही मुलं ताप उतरल्यावरही महिनोन्महिने अंथरुणाला खिळतात. पण सुई आपण सही करून टोचून घेतो, विषाणू न विचारता येतो. म्हणून सुईचं पाप आपल्या माथी आणि विषाणूचं नशिबाच्या. मला हा हिशेब पटत नाही.

उलटतपासणी:
हिशेब करायचाच तर पँडेमरिक्सपासून करू. २००९-१० मध्ये स्वाइन फ्लूसाठी युरोपात ही लस दिली गेली. ऑगस्ट २०१० च्या सुमारास फिनलंड आणि स्वीडनमधून बातम्या यायला लागल्या: शाळकरी मुलांना नार्कोलेप्सी. दिवसाढवळ्या झोपेचे झटके, हसता हसता अंगातलं बळ जाऊन खाली पडणं. मेंदूतल्या ओरेक्सिन (आपल्याला जागं ठेवणारं रसायन) तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात आणि परत येत नाहीत. इंग्लंडमधला अंदाज साधारण ५२,००० ते ५७,५०० डोसांमागे एक असा होता. आकडा लहान, आजार जन्माचा. यातल्या बहुतेक मुलांनी फ्लू चार दिवस अंगावर काढला असता.

धडधाकट पोराला मी स्वतःच्या हाताने घेऊन जातो, तेव्हा माझी जबाबदारी वेगळीच असते. तुम्ही त्याला चुकीचा हिशेब म्हणा.

काठावरचा:
पँडेमरिक्सची गोष्ट अर्धीच सांगितलीत. चीनमध्ये ही लस दिलीच नव्हती. तरी त्या साथीनंतर तिथेही नार्कोलेप्सीचे नवे रुग्ण वाढल्याचं बीजिंगच्या डॉक्टरांनी नोंदवलं. लशीनंतर आजारी पडलेल्या जवळपास सगळ्या मुलांमध्ये एक विशिष्ट जनुकप्रकार सापडला, जो नार्कोलेप्सीच्या इतर रुग्णांतही असतो. त्यामुळे काही मुलांना लशीने जो धोका होता तो विषाणूनेही असावा, असं मानायला जागा आहे. यावर अजून वाद आहेत, पण सगळा दोष सुईवर टाकून मोकळं होता येत नाही.

उलटतपासणी:
असेल. फिनलंडमधल्या त्या आईबापांना जाऊन सांगा.

हसरा_गडी:
कशाला एवढा काथ्याकूट? मुलांची प्रतिकारशक्ती वाढवा, लसही नको आणि आजारही नको.

काठावरचा:
गडीभाऊ, एमआयएस-सीमध्ये प्रतिकारशक्तीच बेभान होते. नार्कोलेप्सीतही तीच आपल्या पेशींवर उलटते असं मानतात. अजून किती वाढवायची?

दुपारची_उन्हं:
मी कधी लिहीत नाही, पण इथे राहवलं नाही. माझ्या मुलीला ग्लँड्युलर फीवर झाला. एप्स्टाइन-बार विषाणूमुळे होतो तो. घसा बरा झाला, गाठी उतरल्या, पण मुलगी परत आलीच नाही असं वाटावं इतकी बदलली. अंघोळ केली की दुसऱ्या दिवशी झोपून. सगळे रिपोर्ट नॉर्मल. एका डॉक्टरांनी तिच्यासमोरच मला विचारलं, शाळा आवडत नाही का हिला?

शिकागोत ग्लँड्युलर फीवर झालेल्या किशोरवयीन मुलांचा पाठपुरावा केला गेला. सहा महिन्यांनी १३ टक्के, वर्षाने ७ टक्के आणि दोन वर्षांनीही ४ टक्के मुलं क्रॉनिक फटीगच्या, म्हणजे महिनोन्महिने न हटणाऱ्या थकव्याच्या आजाराच्या निकषांत बसत होती. टक्के म्हणतेय मी, दहा लाखांमागे नाही. या विषाणूवर लस नाही, त्यामुळे बोट दाखवायलाही कुणी नाही. लशीने आजारी पडलेल्या मुलाची निदान कुठे तरी नोंद होते. आमच्या मुलांची कुणी मोजदाद ठेवत नाही.

उलटतपासणी:
ताई, मुलीला लवकर बरं वाटो. मनापासून.
पण तुमच्या अनुभवातून कोविड लशीची बाजू आपोआप मजबूत होत नाही. ती लस घेऊनही संसर्ग होतो, आणि लाँग कोविडपासून मिळणारं संरक्षण अर्धवट आहे. शिवाय आज बहुतेक मुलांना कोविड होऊन गेलाय. विषाणू कधीच न पाहिलेल्या मुलाचा २०२१ मधला हिशेब आज तसाच मांडणं ही फसवणूक आहे. डेन्मार्कने २०२२ च्या उन्हाळ्यात १८ वर्षांखालच्यांचं सरसकट लसीकरण थांबवलंच ना?

रानजाई:
हा मुद्दा बिनतोड आहे. वय, लिंग, कितवा डोस, आधी संसर्ग झालाय का, हे सगळं बघूनच हिशेब मांडायचा, हे मलाही मान्य. पण २०२१ मध्येसुद्धा तज्ज्ञांचं एकमत नव्हतं. ब्रिटनच्या लसीकरण समितीने सप्टेंबरमध्ये १२ ते १५ वयाच्या धडधाकट मुलांसाठी 'फायदा आहे, पण निसटता' म्हणून सरसकट शिफारस केली नाही. दहा-बारा दिवसांत तिथल्याच मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी एक डोस द्या म्हणून सांगितलं, कारण त्यांनी बुडणारी शाळाही मोजली. वैद्यकीय आकडे तेच, निकाल दोन. घराघरात वाद झाले तर नवल काय!

काठावरचा:
थांबवण्याचीही किंमत असते. जपानने एप्रिल २०१३ मध्ये मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूवरची एचपीव्ही लस नियमित द्यायला सुरुवात केली आणि जूनमध्ये तिची सक्रिय शिफारस मागे घेतली. मुलींच्या अंगदुखीच्या, धड चालता न येण्याच्या चित्रफिती टीव्हीवर दिसत होत्या. लसीकरण सुमारे ७० टक्क्यांवरून १ टक्क्याखाली आलं. नागोया शहरात सुमारे ३०,००० तरुणींकडून २४ लक्षणांची माहिती घेतली, तेव्हा लस घेतलेल्यांत त्रास जास्त असल्याचं दिसलं नाही. तरी शिफारस परत यायला २०२२ चा एप्रिल उजाडला. मधल्या मुलींचं गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासूनचं संरक्षण गेलं.

दुपारची_उन्हं:
काठावरचा, पटलं. पण त्या जपानी मुली आजारी होत्या ना? थकवा, चक्कर, उभं राहिलं की धडधड, हे याच वयात सुरू होतं, मग लस घेतलेली असो वा नसो. कारण लस नाही, इथपर्यंत ठीक. पण 'लस नाही' म्हणताना 'म्हणजे काहीच नाही' असं म्हणून मोकळे होतात, तिथे माझा संताप होतो. अशी वागणूक मिळालेल्या आया पुढच्या लशीला नाही म्हणणारच.

रानजाई:
कामाचं तेवढं लिहून ठेवते. एमआरएनए डोसनंतर आठवडाभरात छातीत दुखलं, धाप लागली किंवा धडधडलं तर खेळ बंद आणि लगेच डॉक्टर. ईसीजी आणि ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी रक्ताची) तपासणी मागायची. दोन डोसांत आठ आठवडे किंवा जास्त अंतर ठेवलं तर हा धोका कमी होतो.

दुपारची_उन्हं:
आणि विषाणूनंतर श्रम केले की एक-दोन दिवसांनी मूल कोसळत असेल, तर त्याला 'थोडं थोडं वाढवत पळव' म्हणू नका. उपचार कसे करावेत हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये क्रॉनिक फटीगसाठी ठराविक टप्प्यांनी व्यायाम वाढवण्याचा सल्ला काढून टाकलाय. आम्हाला तोच सल्ला मिळाला होता आणि पोरगी आणखी खाली गेली.

उलटतपासणी:
अंतर वाढवायचं आणि छातीकडे लक्ष ठेवायचं, हे तेव्हा सरळ सांगितलं असतं तर मी इतका भांडलो नसतो. एचपीव्ही माझ्या मुलीला देतोय, त्यावर वाद नाही. धडधाकट मुलाला कोविडचा आणखी एक डोस मात्र अजूनही नाही.