भिलारला मुलांसह जाताना

सुट्टीत मुलांना वाचनाची गोडी लागावी म्हणून ग्रंथालयांचे बालविभाग सहसा सुचवले जातात. त्यांत भिलारची भर घालावीशी वाटते. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या दरम्यानच्या या स्ट्रॉबेरीच्या गावात मे २०१७ पासून गावकऱ्यांच्या घरांत, देवळात आणि शाळेत विषयवार पुस्तके मांडलेली असून, ती तिथेच बसून विनामूल्य वाचता येतात. एका दिवसात सगळी घरे पालथी घालण्याचा मोह (आम्हांला तो आवरला नाही) टाळावा. धाकट्यांसाठी बालसाहित्याचे आणि थोड्या मोठ्या मुलांसाठी गडकिल्ल्यांचे, अशी दोनच दालने पुरतात. अर्धवट राहिलेल्या पुस्तकांची नावे मुलांनाच वहीत टिपायला सांगावीत, म्हणजे परतल्यावर ती आपल्या ग्रंथालयात मागता येतात.