टॉप फ्लोअरचा स्लॅब तापतो, चुना की कूल रूफ पेंट? मदत हवी आहे

नागपूरला टॉप फ्लोअरला राहतो, वर उघडी गच्ची, मे महिन्यात पारा ४५ कडे गेला की स्लॅब दिवसभर तापतो आणि अर्धी रात्र ती उष्णता घरात सोडत राहतो, त्यामुळे दीड टनचा इन्व्हर्टर एसी २६ वर ठेवूनही कॉम्प्रेसरला उसंत नाही. फिल्टर धुतलेत, गॅस चेक केलाय, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून वाळ्याची ताटी लावली, त्याने खरंच फरक पडला. कूलर आहेच, पण पावसाळा लागला की नुसता दमटपणा. फॉल्स सीलिंग नको, उंची कमी आहे. सोसायटीची परवानगी मिळालीय, फक्त गच्चीवर वाळवणं आणि येणंजाणं असतं. चुना, कूल रूफ पेंट (ऊन परतवणारा पांढरा रंग) की चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी), कोणी करून घेतलंय का आणि दोन पावसाळ्यांनंतरही खोलीत फरक जाणवतो का?