आधी व्यसन सोडवावे की आधी खोकल्याची तपासणी करावी?

मोगरा: मुंबईत पुलाखाली राहणाऱ्या, गर्दचे व्यसन असलेल्या लोकांमध्ये मी चार महिन्यांपासून काम करते. त्यांपैकी एका काकांना तीन आठवड्यांपासून खोकला असून वजन इतके उतरले आहे की, पँट सुतळीने बांधावी लागते. एकदा ते माझ्याबरोबर रुग्णालयात आले. पण केसपेपर आणि रांग यांतच बारा वाजले, टर्की (नशा न मिळाल्याने होणारा त्रास) सुरू झाली आणि ते उठून निघून गेले. पुढच्या खेपेस तिथल्या एका कर्मचाऱ्याने ‘आधी व्यसन सोडून या’ असे सुनावले. आता रुग्णालयाचे नाव काढले की काका चादर ओढून पाठ फिरवतात. काय करावे?

पायवाट: ताई, ही लक्षणे क्षयाची (टीबीची) असू शकतात. व्यसन सुटेपर्यंत क्षय थांबत नाही, आणि शेजारी झोपणाऱ्यांनाही तो गाठतो. काकांना रांगेत नेण्याऐवजी तपासणीसाठीची थुंकीची डबी त्यांच्याकडे न्या. सकाळी उठल्याबरोबर चूळ भरून, खोल खोकून काढलेला बेडका हवा, नुसती लाळ चालत नाही, हे त्यांना करून दाखवा आणि डबी क्षय तपासणी केंद्रात तुम्हीच पोहोचवा. क्षयाचे निदान झाल्यास रुग्णाच्या आहारासाठी असलेल्या सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे दरमहा १,००० रुपये बँक खात्यात जमा होतात. त्यामुळे खाते आणि आधार यांच्या मागे आजपासूनच लागा, कारण पुलाखालच्या माणसाची कागदपत्रे पहिल्या पावसात गेलेली असतात.

स्टेथो: वरील सल्ल्याशी सहमत आहे. टर्कीसाठी ओएसटी केंद्रात (जिथे गर्दऐवजी पर्यायी औषध देतात) बुप्रेनॉर्फिन या औषधाची गोळी जिभेखाली देतात. मात्र ती टर्कीची लक्षणे दिसू लागल्यावरच सुरू करावी लागते, अन्यथा त्रास एकदम उसळतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, क्षयाच्या उपचारातील रिफाम्पिसिन या औषधामुळे बुप्रेनॉर्फिनचा असर घटतो, टर्की परत येते आणि रुग्णाला वाटते की क्षयाच्या गोळ्या आपल्याला मानवत नाहीत. मग तो दोन्ही सोडतो. म्हणून दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांच्या औषधांची माहिती पहिल्याच दिवशी लेखी द्या आणि मात्रा त्यांनाच ठरवू द्या.

परतलेला: मी स्वतः सहा वर्षे फलाटावर काढली आहेत. मला ‘सोडून ये’ म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांच्या धाकाने तीन आठवडे बंद केले आणि नंतर पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तेव्हा श्वासच थांबत आला होता, कारण शरीराची सवय मोडलेली असते. काकांना हे आधीच सांगून ठेवा. आणि चहा पाजायला जाल तेव्हा दर वेळी खोकल्याचा विषय काढू नका, नाहीतर तुम्हाला लांबून पाहताच ते जागा बदलतील.

मोगरा: सर्वांचे आभार. काकांनी आज डबी ठेवून घेतली. संध्याकाळी पाहिले तर तिच्यात तंबाखू भरलेली होती. उद्या सहा वाजता दुसरी घेऊन जाते.