सामान बांधायच्या आधी मुलांचे आईबाप कुठं आहेत ते विचारा

नेपाळच्या अनाथाश्रमात मुलांसाठी काम करायला जाताना इथूनच कपडे, खेळणी भरून न्या, तिकडं महाग पडतं असं काहीजण सांगतात, ते मला पटलं नाही. आम्ही बेळगावातनं पाचजण काठमांडूला एका अनाथाश्रमात पंधरा दिवस गेलेलो, खडेबाजारातनं स्वेटर घेऊन दोन मोठ्या बॅगा गोरखपूर, सोनौलीमार्गे ओढत नेल्या, आणि तिथं बघतो तर काठमांडूच्या बाजारात तसलेच स्वेटर ढिगानं. पण खरी गोष्ट वेगळीच हो. एक आठ-नऊ वर्षाचा पोरगा मला रोज सांगायचा, माझी आई गावात आहे, हुमल्यात. आधी मला वाटलं लेकराची समजूत असेल. नंतर वाचलं तेव्हा कळालं की नेपाळच्या अशा संस्थांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, हुमल्यासारख्या लांबच्या डोंगरी जिल्ह्यांतनं शाळेच्या आशेनं एजंटकडे पोरं सोपवतात आणि पाहुणे, देणग्या येत राहतात म्हणून मुलंही आणली जातात. ऑस्ट्रेलियानं २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी, देणग्यांसाठी असं पोरं आणण्याला गुलामगिरीतच धरलं.

म्हणून जायचंच असेल तर आधी फोनवर विचारा, किती मुलांना घरी परत पाठवलं, आईबापाशी भेट होते का. उत्तर टाळलं तर पैसे देऊ नका. आणि पंधरा दिवसांसाठी लळा लावू नका ओ, आम्ही निघताना तो पोरगा गेट धरून उभा होता, अजून डोळ्यासमोरनं जात नाही.