मदत हवी आहे: नववी-दहावीचं बीजगणित आणि भूमिती पहिल्यापासून करायचंय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,
आधीच सांगते, मी गणितातली नाही. १९९९ ची दहावी, मराठी माध्यम. तेव्हा गणित १५० मार्कांचं असायचं, ७५ बीजगणित आणि ७५ भूमिती, त्यात मला ९४ पडले आणि घरात पेढे वाटले कारण मी गणितात उडणार अशी सगळ्यांची खात्रीच होती. मग आर्ट्स, मग नोकरी, आणि त्यानंतर गणित म्हणजे किराणा आणि बसचे सुट्टे पैसे.

आता लेक नववीत आहे, सेमी इंग्लिश. क्लास लावलेला पण एका खोलीत साठेक पोरं, ही तिथे तोंडच उघडत नाही, म्हणून तो सोडवला आणि मोठ्या तोऱ्यात म्हटलं की मी घेते तुझा अभ्यास. आता पस्तावतेय.

परवाचीच गोष्ट. −३एक्स = १२ असं साधं समीकरण. मी सांगितलं, बाजू बदलली की चिन्ह बदलतं, आम्हाला हेच घोकून घेतलेलं. तिने −३ पलीकडे नेलं, चिन्ह बदललं, १२ भागिले ३, एक्स बरोबर ४. मागे उत्तर −४. मला म्हणते, आई तूच म्हणालीस ना चिन्ह बदलतं, मग इथे का नाही बदललं? आणि मला खरंच सांगता येईना हो! मी म्हटलं इथे नाही बदलत. ती म्हणाली बरं. त्या 'बरं' नंतर मला रात्री झोप नाही.

भूमितीचं तर विचारूच नका. मी प्रमेयं कवितेसारखी पाठ केलेली, पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, सगळं ओळीने. एबीसीच्या जागी पीक्यूआर आलं किंवा त्रिकोण आडवा पडला की आमची गाडी बंद. त्यात आता शब्दांचा घोळ, मी व्युत्क्रम कोन म्हणते, ती अल्टरनेट अँगल म्हणते, मी बाकोबा (बाजू-कोन-बाजू) म्हटलं तर पोटभर हसली.

तर मदत अशी हवीये की रोज अर्धा-पाऊण तास मिळतो स्वयंपाक आवरल्यावर, तेवढ्यात दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मला स्वतःला पाया पक्का करायचाय, तिच्या दोन पावलं पुढे राहण्याइतका. कुठल्या इयत्तेपासून धरू? आणि ते चिन्हाचं कोणीतरी आधी सांगा प्लीज.

खडूफळा
ताई, चूक तुमची नाही, त्या वाक्याची आहे. पलीकडे काहीच जात नसतं. दोन्ही बाजूंना एकच गोष्ट करायची एवढा एकच नियम आहे, तराजूसारखा. एक्स + ५ = १२ असेल तर दोन्हीकडून ५ काढायचे, डावीकडचे ५ उडतात आणि उजवीकडे १२ − ५ दिसतं, ते बघून कोणीतरी शॉर्टकट काढला की ५ पलीकडे गेले आणि चिन्ह बदललं. आता −३एक्स मधे −३ हा एक्सला गुणलेला आहे, बेरीज नाही, मग तो काढायला दोन्ही बाजूंना −३ ने भागायचं. १२ भागिले −३, म्हणजे −४. क्रिया तेवढी उलटी होते, गुणाकाराचा भागाकार होतो, संख्येचं चिन्ह तसंच राहतं. महिनाभर तिला 'पलीकडे नेलं' हे शब्द वापरू देऊ नका आणि प्रत्येक ओळीपुढे काय केलं ते लिहायला लावा, दोन्हीकडे ५ वजा, दोन्हीकडे −३ ने भाग. कंटाळा येईल तिला, येऊ दे. आणि उत्तर आलं की ते समीकरणात टाकून बघायची सवय लावा. ४ टाकला असता तर −१२ आलं असतं, चूक तिथेच पकडली गेली असती, पुस्तकाच्या मागची पानं उघडायलाच नको.

इयत्तेचं म्हणाल तर सातवी. हसू नका. नववीतली निम्मी पोरं बहुपदीत अडकत नाहीत, ऋण संख्यांच्या वजाबाकीत आणि अपूर्णांकात अडकतात. ते आठवडाभर करा, मग आठवीचं अवयव, मग नववीचं बहुपदी.

मीपणसेमीवालीआई
शब्दांसाठी सोपा उपाय, ईबालभारतीच्या साइटवर पुस्तकांची पीडीएफ फुकट आहे. नववीचा गणित भाग २, म्हणजे भूमिती, मराठी आणि इंग्रजी दोन्ही उतरवून घ्या, धड्यांचा क्रम तोच आहे, शेजारी शेजारी उघडायचं. आमच्याकडे फ्रिजवर कागद लावलाय, संगत म्हणजे करस्पाँडिंग, एकरूप म्हणजे काँग्रुअंट, समरूप म्हणजे सिमिलर, बाकोबा म्हणजे एसएएस. आता मुलगा भांडताना आम्हा दोघांना व्युत्क्रम कोन म्हणतो.

स्पष्टबोलणारा
परत क्लास लावा. घरी आईने शिकवलं की भांडणंच होतात.

गवंड्याचापोर
वरच्यांकडे दुर्लक्ष करा. मी भूमिती बांधकामावर शिकलो, वडील गवंडी. पाया आखताना कोपरा गुण्यात आहे का बघायला ते दोरीवर एका बाजूला ३ फुटांवर खूण करायचे, दुसऱ्या बाजूला ४ फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं की कोपरा काटकोनात. मोठं काम असेल तर ६, ८, १०. वडील चौथी शिकलेले, त्यांना पायथागोरस कोण ते माहीत नव्हतं, पण ते वापरत होते तो त्या प्रमेयाचा व्यत्यास, म्हणजे बाजू जमल्या तर कोन काटकोन असणारच. हा फरक मला दहावीत सरांनी चार वेळा सांगून कळला नव्हता, दोरीने कळला. लेकीला टेप देऊन घराचे कोपरे मोजायला लावा, एखादा तरी वाकडा निघतोच.

खडूफळा
वा! भूमितीबद्दल एक माझंही. प्रमेय पाठ करू नका, उलटं चाला. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० का? शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली की पायाकडचे दोन्ही कोन व्युत्क्रम कोनांनी वर येऊन बसतात आणि तीन मिळून सरळ रेषेतला कोन होतो. बरं, मग व्युत्क्रम कोन समान का? रेषा समांतर म्हणून. असं मागे मागे गेलं की कळतं समांतर रेषांचा धडा आधी का आहे. तो धडा नीट झाला तर त्रिकोण आणि चौकोन अर्धे झाले समजा. आणि आकृती प्रत्येक वेळी मुद्दाम तिरकी काढा, पीक्यूआर काय, केएलएम घ्या.

धागाकर्ती
सगळ्यांना मनापासून थँक्यू, स्पष्टबोलणाऱ्यांना पण, भांडणं होतातच हे खरंय.

तीन दिवसांचा रिपोर्ट. सातवीचं पुस्तक शेजारणीकडून आणलं. −७ − (−३) मी स्वतः चुकवलं, −१० लिहिलं, लेकीने चूक काढली आणि दोन तास घरात तिचंच राज्य होतं. पण त्यानंतर ती जरा मोकळी झाली, मला येत नाही हे बघून तिला बरं वाटलं असावं, आता स्वतःच विचारते हे असं का म्हणून. हॉलचा कोपरा मोजला. ३ आणि ४ फुटांवर खुणा केल्या, मधे ५ फूट आणि वर पाऊण इंच आलं. बिल्डरला सांगून आता उपयोग नाही, पण कोन ९० पेक्षा मोठा आहे की लहान हे तिने न मोजता सांगितलं. मोठा म्हणाली, कारण समोरची बाजू लांबली. मला हे सुचलं नसतं.

दोन्हीकडे भागायचं ते तिला पटलं. फक्त झोपायला जाताना विचारून गेली, दोन्हीकडे काहीही केलेलं चालतं तर दोन्हीकडे शून्याने भागलं तर काय? मी म्हटलं उद्या सांगते. खडूफळा, जागे आहात का?